दिवसा गाठी, रात्री ग्रीक

समजा, तुम्ही गांधीबागेत कामाला आहात. होलसेल कापडाचं दुकान. सकाळी साडेदहाला शटर वर, रात्री आठ-साडेआठला खाली. मधल्या वेळात सुरत-भिवंडीहून आलेल्या गाठी उतरवून घ्यायच्या, ताके मोजायचे, भंडारा-गोंदियाच्या गिऱ्हाइकांची बिलं बनवायची, उधारीवाल्यांना फोन लावायचे. लगीनसराई सुरू झाली की डबा उघडायचीही फुरसत नाही.

आणि समजा, रविवारी सकाळी तुम्ही चर्चला जाता. संडे स्कूलची पोरं सांभाळता, तरुण संघात गिटार वाजवता. मागच्या पावसाळ्यात पाळकसाहेब आजारी होते तेव्हा एका घरी प्रार्थना घ्यायला तुम्हाला पाठवलं होतं. त्या घरातल्या आजी अंथरुणाला खिळलेल्या. तुम्ही दोन ओळी वाचल्या, जमेल तशी प्रार्थना केली आणि निघालात. आजींनी हात धरून ठेवला, सोडलाच नाही. तेव्हापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये. आपण पाळक व्हावं का?

घरी विषय काढला तर काय होईल, तुम्हाला माहीत आहे. आई म्हणेल, ‘बाबू, आधी ताईचं लग्न तर होऊ दे.’ बाबा काही बोलणार नाहीत, फक्त विचारतील, ‘चार वर्षं होस्टेलला राहशील, इकडे घरी पैसे कोण देईल?’ दोघांचंही चुकत नाही. पाचारण एकाला होतं, भाडं सगळ्या घराला भरावं लागतं.

हा लेख अशा तुमच्यासाठी आहे. तुम्ही ख्रिस्ती नसाल तरी वाचायला हरकत नाही. तुमच्या दुकानातला, बँकेतला, हॉस्पिटलातला एखादा सहकारी जेवणाच्या सुट्टीत कसली तरी जाड वही उघडून बसत असेल, तर तो नेमकं काय करतोय ते कळेल.

आधी नेहमीचा रस्ता बघू. प्रोटेस्टंट चर्चमध्ये पाळक व्हायचं तर स्थानिक मंडळी तुमची शिफारस करते, मग धर्मप्रांताची समिती मुलाखत घेते, बिशप होकार देतात आणि तुम्ही सेमिनरीत जाता. तिथे बॅचलर ऑफ डिव्हिनिटी म्हणजे बी.डी. करायची. पदवीधरांना साधारण चार वर्षं. राहणं तिथेच, जेवण तिथेच, सकाळची प्रार्थना तिथेच. परत आलात की काही काळ उमेदवारी, आणि मग दीक्षा. तेव्हा कुठे नावाआधी ‘रेव्हरंड’ लागतं.

गंमत म्हणजे चर्चच्या नकाशावर नागपूर काही आडवळणाचं गाव नाही. आज उत्तर भारतभर पसरलेलं चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, म्हणजे सी.एन.आय., जन्मलं ते इथेच, २९ नोव्हेंबर १९७० ला. अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन, बॅप्टिस्ट अशा वेगवेगळ्या परंपरांच्या मंडळींनी नागपुरात जमून एक चर्च केलं. सदरचं ऑल सेंट्स कॅथेड्रल त्याचं साक्षीदार. देशातल्या प्रोटेस्टंट आणि ऑर्थोडॉक्स चर्चची सामाईक परिषद, एन.सी.सी.आय., तिचं मुख्यालयही सिव्हिल लाइन्समध्ये. कॅथलिक धर्मगुरू घडवणारी सेंट चार्ल्स सेमिनरी तर इतकी जुनी खूण, की सेमिनरी हिल्स हे नावच त्यामुळे आपल्या तोंडात बसलं. आणि शेजारच्या यवतमाळला १९५३ पासून युनियन बिब्लिकल सेमिनरी होती. विदर्भातली मुलं यवतमाळच्या एसटीत बसून थिऑलॉजी शिकायला जाऊ शकत होती. १९८३ मध्ये ती सेमिनरी पुण्याला, बिबवेवाडीला गेली. त्यानंतर आपल्याकडच्या उमेदवाराचा रस्ता बहुतेक वेळा पुण्याकडे, बेंगळुरूकडे किंवा थेट बंगालकडे वळतो. म्हणजे चार वर्षं घराबाहेर.

तुम्हाला ते जमणार नाही. मग दुकान चालू ठेवून शिकता येतं का? येतं. पण त्यातून काय मिळतं आणि काय मिळत नाही, हे आधी नीट समजून घ्या. कारण नेमक्या याच जागी बरेच जण फसतात.

दोन रस्ते

पहिला रस्ता सेरामपूरचा. कोलकात्याजवळच्या सेरामपूरला विल्यम कॅरी आणि त्याच्या दोन साथीदारांनी १८१८ मध्ये कॉलेज काढलं. गाव तेव्हा डॅनिश वसाहत होतं, म्हणून १८२७ मध्ये डेन्मार्कच्या राजाने सनद दिली आणि पदव्या देण्याचा अधिकार आला. पुढे १९१८ च्या सेरामपूर कॉलेज कायद्याने त्याला पक्की चौकट मिळाली. आज देशातली बरीचशी थिऑलॉजिकल कॉलेजं याच सेरामपूरच्या सिनेटला जोडलेली आहेत. या सिनेटचा एक विस्तार विभाग कोलकात्यात आहे, तो बाहेरून शिकणाऱ्यांसाठी अभ्यासक्रम चालवतो. पदवीधरांसाठी बॅचलर ऑफ ख्रिश्चन स्टडीज, म्हणजे बी.सी.एस., आणि त्याच्या खालच्या पायरीवर डिप्लोमा. तुम्ही घरी वाचायचं, लिहायचं, परीक्षा द्यायची. शिक्षक, वकील, नर्स, रेल्वेतले कर्मचारी, रिटायर झालेले बँक अधिकारी, सगळे यात बसतात.

दुसरा रस्ता त्याहून मजेशीर. त्याची सुरुवात ग्वाटेमालात झाली. तिथल्या प्रेस्बिटेरियन सेमिनरीने १९६० च्या सुमारास हिशोब मांडला तर लक्षात आलं, की इतकी वर्षं मुलं शहरात आणून शिकवली, पण त्यातली फार थोडी खेड्यातल्या मंडळीत पाळक म्हणून टिकली. शहरात शिकलेला पुन्हा खेड्यात रमत नाही, हे आपल्याला काही नवीन नाही. उलट खेड्यात ज्यांच्या शब्दाला मान होता ते लोक चाळिशीतले, लेकुरवाळे, शेती करणारे. ते वह्या घेऊन होस्टेलला येणार नव्हते. मग १९६३ मध्ये सेमिनरीनेच उलटं केलं. विद्यार्थी येत नाही ना, मग आपण जाऊ. घरी बसून स्वतः शिकता येईल अशी पुस्तकं तयार केली आणि आठवड्यातून एकदा शिक्षक विद्यार्थ्यांच्या गावात येऊन बसू लागला. या पद्धतीला टी.ई.ई. म्हणतात. थिऑलॉजिकल एज्युकेशन बाय एक्स्टेन्शन. भारतात त्यासाठी १९७१ मध्ये ‘टाफ्टी’ ही संस्था उभी राहिली, तिचं केंद्र बेंगळुरूला.

टी.ई.ई.चं पुस्तक नेहमीच्या पुस्तकासारखं नसतं. एक परिच्छेद, लगेच एक प्रश्न, मोकळी जागा, तिथेच उत्तर लिहा. पुढे जा. दुकानात गिऱ्हाईक आलं तर बंद करा, गेलं की पुन्हा उघडा. यातलं खरं वर्म मात्र पुस्तकात नाही. ते तीन गोष्टींच्या जोडणीत आहे. घरचा अभ्यास हा एक रूळ. मंडळीतलं प्रत्यक्ष काम, म्हणजे आजाऱ्यांना भेटणं, पोरांना शिकवणं, हा दुसरा रूळ. आणि दोन्ही रुळांना धरून ठेवणारे आडवे स्लीपर म्हणजे दर आठवड्याची किंवा पंधरवड्याची बैठक. सात-आठ जण, एक मार्गदर्शक, दोन तास. स्लीपर काढून घेतले की रूळ फाकतात. म्हणून कोणी तुम्हाला म्हणालं, की बैठकीला नाही आलं तरी चालेल, फक्त पुस्तक पाठवतो, तर तिथून उठा.

हे आधी कोणी केलंय का?

‘पार्ट टाइम’ म्हटलं की आपल्याकडे नाक मुरडतात. रेग्युलरला जमलं नाही म्हणून एक्स्टर्नल, असा सूर. चर्चमध्येही असतोच. तेव्हा थोडा इतिहास खिशात ठेवा.

नव्या करारातला पौल तंबू शिवणारा होता. करिंथला तो अक्विला आणि प्रिस्किल्ला या नवरा-बायकोकडे राहिला ते धंदा एकच होता म्हणून. प्रेषितांची कृत्ये, अध्याय अठरा. दीड वर्ष तो त्या गावात होता. हातात जाड कापड आणि सुई, शब्बाथाला सभास्थानात वाद. आजही नोकरी सांभाळून सेवा करणाऱ्या पाळकाला जगभर ‘टेंटमेकर’ म्हणतात. गांधीबागेत बसून कापड मोजणाऱ्याला हे वेगळं समजावून सांगायची गरज नसावी.

सेरामपूरचा कॅरी हा मूळचा चांभारकाम शिकलेला माणूस. इंग्लंडमधल्या खेड्यात जोडे शिवता शिवता लॅटिन, ग्रीक, हिब्रू शिकला. भारतात आल्यावर पहिली काही वर्षं त्याने मालदा भागात निळीच्या कारखान्यात व्यवस्थापकाची नोकरी केली आणि रात्री बायबलचं बंगाली भाषांतर. मराठीशी त्याचा संबंध तर थेट आहे. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात तो मराठी शिकवायचा. १८०५ मध्ये त्याचं मराठी व्याकरण छापलं गेलं, १८१० मध्ये कोश, १८११ मध्ये नवा करार. वैजनाथ पंडितांची मदत नसती तर यातलं काहीच झालं नसतं, हेही लक्षात ठेवा. पाद्रीबुवांच्या नावावर जमा झालेल्या अनेक पुस्तकांमागे असा एखादा पंडित असतो.

आणि नागपूरचीच गोष्ट सांगायची तर नारायण वामन टिळक. कवी टिळक. ते नागपुरात आप्पासाहेब बुटींच्या आश्रयाला होते, संस्कृत ग्रंथांचं काम करत होते. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला निघाले. आगगाडीच्या डब्यात एक युरोपीय प्रवासी भेटला. गप्पा झाल्या, कवितेपासून धर्मापर्यंत. उतरताना त्याने नव्या कराराची एक प्रत हातात ठेवली. टिळक वाचत गेले. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. कुठल्या कॉलेजात नाव घातलं नव्हतं, परीक्षा नव्हती. मराठी माणसाच्या आयुष्यातला हा सगळ्यात प्रसिद्ध ‘प्रायव्हेट’ अभ्यास म्हणायला हरकत नाही. पुढे तेच टिळक अहमदनगरच्या सेमिनरीत शिकवायला होते. त्याची घरात काय किंमत मोजावी लागली, ते लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’त आहे. धर्माबद्दलचं पुस्तक म्हणून नव्हे, घरातला एक माणूस असा निर्णय घेतो तेव्हा बाकीच्यांचं काय होतं हे कळायला ते पुस्तक वाचाच. तुमच्या आईच्या बाजूने विचार करायला शिकवेल.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण मला सगळ्यात जवळचं वाटतं. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये शेकडो बायका-मुलींचं जेवणखाण, शेती, शाळा, छापखाना सांभाळत त्यांनी हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास केला आणि अख्खं बायबल मूळ भाषांवरून सोप्या मराठीत आणलं. १९२२ मध्ये त्या गेल्या, बायबल त्यानंतर, १९२४ मध्ये प्रसिद्ध झालं. ‘मला वेळ मिळत नाही’ हे वाक्य त्यांच्या नावापुढे उभं करून बघा, कसं दिसतं.

गुरुवारी जे वाचलं ते रविवारी कसं सांगायचं?

आता प्रत्यक्ष अभ्यास. जुना करार, नवा करार, चर्चचा इतिहास, ख्रिस्ती सिद्धांत, नीतिशास्त्र, इतर धर्मांचा परिचय, प्रवचन कसं करावं, दुःखातल्या माणसाशी कसं बोलावं. पाठांतर बरंच. हिब्रूची मुळाक्षरं उजवीकडून डावीकडे, त्यामुळे मोमीनपुऱ्यातल्या उर्दू पाट्या वाचता येणारा मित्र असेल तर त्याला हसू येईल. ग्रीक त्यामानाने सोपी वाटते, क्रियापदं येईपर्यंत.

पण अवघड गोष्ट भाषा नव्हे. अवघड आहे ते पहिल्या सहा महिन्यांत येणारं हलणं.

तुम्ही लहानपणापासून ऐकलेली निर्मितीची गोष्ट. अभ्यासात पहिल्यांदा उत्पत्तीचे पहिले दोन अध्याय शेजारी शेजारी ठेवून वाचायला सांगतात. पहिल्यात सगळे प्राणी झाल्यावर शेवटी माणूस, नर आणि नारी एकदमच. दुसऱ्यात आधी पुरुष, मग प्राणी, मग स्त्री. इतकी वर्षं हे दिसलंच नव्हतं. मग मत्तय, मार्क आणि लूक यांचे तीन रकाने. एकच प्रसंग, काही वाक्यं शब्दशः सारखी, काही वेगळी. कोणी कोणाचं बघून लिहिलं? बहुतेक अभ्यासक म्हणतात, मार्क आधीचा. मग मार्कचा शेवट. सोळाव्या अध्यायातली नवव्या ओवीपासून पुढची शेवटची बारा वचनं सर्वांत जुन्या हस्तलिखितांत नाहीत. तुमच्याकडचं बायबल उघडा, बऱ्याच आवृत्त्यांत तिथे कंस किंवा टीप सापडेल. वर्षानुवर्षं नजर त्यावरून गेली असेल.

होस्टेलमध्ये हे शिकणारा विद्यार्थी रात्री मेसमध्ये चार जणांशी भांडतो, सकाळी प्रार्थनेला बसतो, वरच्या वर्गातला कोणी खांद्यावर हात ठेवून म्हणतो, होतं असं, पुढे वाच. तुम्ही मात्र हे रात्री अकरा वाजता, जेवणाची ताटं उचलल्यावर, एकटेच वाचत असता. सकाळी दुकान. आणि रविवारी संडे स्कूलमधला आठ वर्षांचा पोरगा तुम्हाला विचारतो, ‘सर, आदामला बेंबी होती का?’

दुकानाचे तास आणि परीक्षेची फी याबद्दल सगळे बोलतात. या एकटेपणाबद्दल कोणी बोलत नाही. अर्धवेळ थिऑलॉजी सोडून देणाऱ्याला वेळ मिळाला नाही असंच कारण सांगावंसं वाटतं, ते सांगायला सोपं असतं. म्हणून बैठकीचं इतकं घोडं दामटतोय. बैठक नसेल तर स्वतः जमवा. तुमच्यासारखे दोघे, एक समंजस पाळक किंवा शिक्षक, महिन्यातून दोन संध्याकाळी. जे कळलं नाही ते मोठ्याने बोलायची एक जागा हवी. आणि मंडळीत काय, किती, कधी बोलायचं हेही तिथेच शिकता येतं. काल वाचलेली प्रत्येक शंका आज व्यासपीठावरून सांगायची नसते. अंथरुणातल्या त्या आजींना मार्कच्या हस्तलिखितांची गरज नाही. पण त्यांच्या नातवाने कॉलेजात कुठेतरी हे वाचून तुम्हाला विचारलं, तर त्याला ‘असे प्रश्न विचारू नये’ म्हणून गप्प करणारा पाळक तुम्ही होणार नाही. मला विचाराल तर सगळ्या अभ्यासाचा हा एवढा फायदाही पुष्कळ झाला.

दुसरीही एक बाजू आहे. तुमच्याकडे जे आहे ते होस्टेलवाल्याकडे नाही. बेंगळुरूच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात १९८१ मध्ये अरविंद निर्मल यांनी एक भाषण केलं, ज्यातून पुढे ‘दलित थिऑलॉजी’ उभी राहिली. त्यांचा प्रश्न साधारण असा होता की भारतातल्या चर्चमध्ये बहुसंख्य लोक दलित, मग इथलं ईश्वरविज्ञान त्यांच्या अनुभवातून का बोलत नाही? दीक्षाभूमीच्या शहरात राहणाऱ्याला हा प्रश्न पुस्तकातून शिकावा लागत नाही. हमालीचे दर, उधारी बुडाली म्हणून रडणारा छोटा दुकानदार, मार्च एंडिंगला डोळ्यांत तेल घालून बसलेले मुनीम, एकाच गल्लीत जैन, मुस्लिम, सिंधी, बौद्ध, सगळ्यांशी रोजचं देणंघेणं. येशूचे दाखले याच गोष्टींचे आहेत. मजुरी, कर्ज, हरवलेलं नाणं, हिशोबात लबाडी करणारा कारभारी. तो अन्यायी कारभाऱ्याचा दाखला सेमिनरीत भल्याभल्यांना उलगडत नाही. होलसेल मार्केटात बसणाऱ्याला निदान गोष्ट तरी पटकन कळते.

वेळेचं गणित मात्र खोटं करू नका. आठवड्याला सहा-सात तास लागतात. तीन रात्री दीड-दीड तास, रविवारी दुपारी दोन तास. यापेक्षा जास्तीचं वेळापत्रक भिंतीवर चिकटवलंत तर ते दिवाळीच्या सीझनला गळून पडेल. कापड लाइनचं आणि चर्चचं कॅलेंडर एकमेकांच्या जिवावर उठलेलं असतं. दिवाळी आणि लगीनसराई संपते न संपते तोच ख्रिसमस. मार्चचं क्लोजिंग आणि लेंटचे चाळीस दिवस बहुतेक वर्षी एकत्रच. त्यामुळे या महिन्यांत नवीन विषय सुरू करू नका, आणि त्या महिन्यात परीक्षा येत असेल तर शेठना दोन महिने आधी सांगून ठेवा. जूनच्या मंदीत, पावसाने गिऱ्हाईक नसतं तेव्हा, भरपूर वाचा. बैठकीची जागा सदर किंवा सिव्हिल लाइन्सकडे असेल तर अग्रसेन चौकातून मेट्रो धरा, सीताबर्डीला बदला. गाडी चालवून जाण्यापेक्षा तेवढी पंधरा-वीस मिनिटं वाचायला मिळतात. पुस्तकाला मात्र कव्हर घाला, नाहीतर शेजारचा धर्मावर चर्चा सुरू करतो आणि अभ्यास राहतो बाजूला.

कॉलर मिळेल का?

आता कटू भाग. बी.सी.एस. किंवा टी.ई.ई.चं प्रमाणपत्र हातात आलं म्हणजे दीक्षा मिळते असं नाही. बहुतेक मुख्य प्रवाहातली चर्च दीक्षेसाठी बी.डी. किंवा तेवढंच निवासी प्रशिक्षण मागतात. बाहेरून केलेल्या अभ्यासाने तुम्ही चांगले उपदेशक, संडे स्कूलचे प्रमुख, वडीलमंडळातले जाणते सभासद, तरुणांचे मार्गदर्शक होऊ शकता. काही ठिकाणी सहायक पाळकाचं काम मिळतं, काही चर्चमध्ये पुढची दारंही उघडतात. पण नियम प्रत्येक चर्चचा, कधी प्रत्येक धर्मप्रांताचा वेगळा. त्यामुळे फॉर्म भरायच्या आधी पाळकसाहेबांकडे जा आणि तोंड उघडून विचारा : हा कोर्स आपलं चर्च कशासाठी धरतं? दीक्षेसाठी धरतं का? धरत नसेल तर नंतर बी.डी.ला काही सूट मिळते का? माझी शिफारस मंडळी करेल का? उत्तर तोंडी नको, जमल्यास धर्मप्रांताच्या कार्यालयातून लेखी घ्या. लाजू नका. दुकानात बिलाशिवाय माल सोडता का?

पगाराचंही विचारा. पाळकाला किती मिळतं, घर मिळतं का, बदली होते का, मुलांच्या शाळेचं काय. सेवेत पैशाचं बोलू नये असं मानणाऱ्यांनी टिळकांचं चरित्र बघावं. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचा पगार स्वतःहून सोडला आणि ‘देवाचा दरबार’ उभा करायला घेतला. पैसा कोणाकडून घ्यायचा हा त्यांच्यासाठी श्रद्धेचाच प्रश्न होता, म्हणून त्यावर ते उघड बोलले.

तुम्ही कॅथलिक असाल तर गणित पुरतं वेगळं. धर्मगुरू व्हायला पूर्णवेळ सेमिनरीशिवाय पर्याय नाही, आणि लग्नही नाही. पण १९६७ मध्ये पोप पॉल सहावे यांनी कायमस्वरूपी डीकनपद पुन्हा सुरू केलं. विवाहित पुरुष, वय किमान पस्तीस, बायकोची संमती हवी. मुंबईत असे विवाहित डीकन आहेत, दिवसा नोकरी करून रविवारी वेदीवर उभे राहणारे. तुम्ही पंचविशीत असाल तर दहा वर्षं थांबा आणि दरम्यान बायकोला आधी विचारा, बिशपना नंतर.

मुलींनो, तुमच्यासाठी हा बाहेरून शिकण्याचा रस्ता जास्तच महत्त्वाचा, कारण लग्नानंतर चार वर्षं होस्टेलला जाऊ देणारं सासर शोधणं हे सेमिनरीच्या प्रवेशापेक्षा कठीण. सी.एन.आय.मध्ये स्त्रियांना पाळकपदाची दीक्षा मिळते. दक्षिणेत चर्च ऑफ साउथ इंडियात तर २०१३ मध्ये ई. पुष्पा ललिता नंद्यालच्या बिशप झाल्या. तरीही मंडळीतले काका लोक ‘ताई, तुम्ही महिला संघाचं बघा ना’ म्हणतीलच. टिळकांचं अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पूर्ण केलं, एवढं त्या काकांना सांगा.

आणि मोबाइलवर येणाऱ्या जाहिरातींपासून सावध. ‘सहा महिन्यांत थिऑलॉजीची पदवी’, ‘अनुभवावर मानद डॉक्टरेट’, फोटोत काळा झगा आणि चौकोनी टोपी. पैसे भरा, कुरियरने प्रमाणपत्र घ्या. सेरामपूरशी संलग्न आहे का, किंवा कुठल्या मान्य संस्थेशी, हे स्वतः त्या संस्थेत फोन करून तपासा. नुसत्या वेबसाइटवरच्या शिक्क्यावर जाऊ नका. नावाआधी ‘डॉक्टर’ लावून फिरणारे तुम्हाला भेटतील. त्यांना कोणी एक आजारी माणूस बघायला बोलावतं का, ते बघा.

समजा, हे सगळं विचारून झालं आणि तुम्ही नाव घातलंत. पहिली बैठक गुरुवारी सात वाजता. शेठना अर्धा तास लवकर सोडायला सांगायचंय. ते गल्ल्यावर बसलेत, मुनीम शेजारी. तुम्ही सांगता, क्लास लावलाय. कसला? चर्चचा. शेठ चष्म्यावरून बघतात. टॅली शिकला असतास तर पगार वाढवला असता, म्हणतात. मग थोडं थांबून, ‘किती वर्षांचा आहे?’

चारेक वर्षं लागतील, शेठ.

‘आणि मग दुकान सोडशील?’

याचं उत्तर आज तुमच्याकडे नाही. तसंच सांगा. ते मान हलवतील, पुन्हा उधारीच्या वहीत डोकं घालतील आणि म्हणतील, ‘जा, पण जाताना ती सुरतवाली गाठ उघडून ताके मोजून ठेव.’